साडेतीन वर्षांच्या मुलाचा फ्रॉक

माझ्या उजव्या नाकपुडीवर एक बारीक खड्डा आहे. लोकांना तो देवीचा व्रण वाटतो आणि मीही वाटू देतो. खरं म्हणजे ते टोचलेल्या नाकाचं बुजलेलं भोक आहे. पाच वर्षांचा होईपर्यंत मी नाकात मुरणी आणि अंगात फ्रॉक घालून जयपूरच्या रेल्वे क्वार्टरांमध्ये हिंडत असे.

याला कारण माझा मोठा भाऊ, ज्याला मी पाहिलेलं नाही. बडनेऱ्याहून वडिलांची बदली इकडे झाली त्याच साली तो गोवराने गेला. दीड वर्षाचा होता. पुढे मी झालो तेव्हा शेजारणीने आईला जवळच्या चाकसू गावी नेऊन शीतला मातेला नवस बोलायला लावला आणि बाकीचं सगळं आमच्या वऱ्हाडच्या रीतीने झालं. मुलगा आहे हे कुणाला कळूच द्यायचं नाही, म्हणजे दृष्ट लागत नाही. त्यासाठी लोकांच्या मुलींचे उतरलेले फ्रॉक मागून आणायचे. एक तेवढा आईने स्वतः हाताने शिवला होता, पिवळा. त्याच्या घेरावर तीन आडव्या चुण्या होत्या. मी वाढलो की आई एक चुणी उसवायची आणि फ्रॉक दोन बोटं लांब व्हायचा.

नऊ वर्षांचा असताना क्वार्टरमधल्या पोरांना आमच्या अल्बममधला फ्रॉकवाला फोटो सापडला. 'छोरी, छोरी' करत त्यांनी मला दोन दिवस पिदडलं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, ट्रंकेतून तो पिवळा फ्रॉक काढला, आईच्या मशीनवरची कात्री घेतली आणि अंगणात बसून त्याच्या चिंध्या केल्या. आई बाहेर आली. खाली बसून तिने एकेक तुकडा उचलला, पदरात घेतला आणि आत गेली. एक शब्द बोलली नाही. वडिलांनाही सांगितलं नाही. मार बसला असता तर बरं झालं असतं, विषय तिथेच संपला असता. त्यानंतर आमच्या घरात त्या फ्रॉकचं नाव कधी निघालं नाही, आणि मी तिची माफी कधी मागितली नाही.

देवालाही थट्टा सुचते. गेली तीस वर्षं मी इथल्याच सीतापुऱ्यातल्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये सॅम्पल मास्टर आहे आणि लहान मुलांचे कपडे कापतो.

गेल्या थंडीत आमच्याकडे एक वेगळीच ऑर्डर आली. जर्मनीतल्या कुठल्याशा गावाच्या संग्रहालयाला सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे मुलांचे कपडे हवे होते, बघायला येणाऱ्या पोरांना घालून बघता यावेत म्हणून. सोबत जुन्या फोटोंचा गठ्ठा. एकही मूल हसत नव्हतं. त्या काळच्या जर्मन लोकांनी पोरांना कपडे घातले नव्हते, कपड्यांत पोरं बसवली होती. थोरली पोरं खलाशाच्या पोशाखात, पाठीवर पडणारी रुंद कॉलर आणि तिला पांढऱ्या पट्ट्या. त्यांतल्या कितींनी समुद्र पाहिला असेल कोण जाणे. मुलींच्या झग्यावर झग्याएवढाच मोठा एप्रन. मळला तर एप्रन धुवा, झगा तसाच. ही अक्कल मला आवडली. मुलग्यांच्या विजारी मात्र वरच्या ब्लाउजला चहूबाजूंनी बटणांनी अडकवलेल्या. घाईची लागलेल्या पोराचं काय होत असेल याचा विचार त्या शिंप्याने केलेला दिसत नव्हता. आणि म्हणूनच, खालच्या टिपणात लिहिलं होतं, तिकडे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलग्यांनाही फ्रॉकच घालत. पहिली विजार चढवायची तो दिवस घरात कौतुकाचा असे.

ऑर्डरचं काम बघणारी मुलगी नवी होती. फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "मास्टरजी, इसमें गलती है. फोटो लड़की का है, नीचे लड़का लिखा है, साढ़े तीन साल का."

"लड़का ही है," मी असा खेकसलो की बिचारी आल्या पावली परत गेली. नंतर मीच तिच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला.

फोटोतलं पोर खुर्चीला हात लावून उभं होतं. दुसऱ्या हातात काठीने पळवायचं मोठं कडं, पायात बूट, गळ्याला पांढरी कॉलर. आणि फ्रॉकच्या घेरावर तीन आडव्या चुण्या. चुण्या खऱ्या हव्यात, उसवता आल्या पाहिजेत आणि कापडावर खूण राहता कामा नये, अशी अट होती. मी तीनदा घातल्या, तीनदा उसवल्या. मशीनच्या टिपेची भोकं काही जाईनात. आईची चुणी एक दोरा ओढला की सुटायची, हे मला चांगलं आठवत होतं. पण ते तिला विचारायचं म्हणजे त्या फ्रॉकचं नाव काढायचं. दोन दिवस मी टाळाटाळ केली, पण मास्टर म्हणवून घेणाऱ्याला किती दिवस अडून बसता येतं?

रविवारी सकाळी आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, सुईत दोरा अजून स्वतः ओवते. मी सॅम्पल तिच्या मांडीवर ठेवलं आणि फोटो हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरला.

"हा पोट्टा हाय ना?"

"तुला कसं कळलं?"

"उभा कसा हाय पाह्य ना. तूबी असाच उभा राहे, रागानं." मग तिने फोटोवरून बोट फिरवलं. "याच्या मायचंबी पयलं पोरगं गेलं होतं काय रे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिकडे सगळ्यांचीच मुलं असे कपडे घालत, आई. बटणांचा त्रास होता, बाकी काही नाही. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात तिनेच विचारलं, "वाचला ना मंग हा?"

शेजारच्या क्वार्टरमधल्या पोराची चौकशी करावी तसं विचारलं तिने. मला काय माहीत? त्या पोराचं नावही माहीत नाही.

"वाचला, आई," मी म्हणालो.

"बरं झालं माय," ती म्हणाली आणि फोटो जपून पाटावर ठेवला. मग मटार बाजूला सारून सुई मागितली. "मशीन कायले लागते याले? टाका लंबा घ्याचा. अन् शेवटाले गाठ नाही माराची, दोरा नुसता वळवून ठेवाचा." टाके अजूनही सरळ पडत होते. चुणी पुरी झाली. "हं. ओढ आता."

मला ओढवेना. "आई," मी म्हणालो, "तो पिवळा फ्रॉक मी कापला होता." जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, नऊ वर्षांच्या पोरासारखा कबुली देत होतो.

"हो ना. माह्याच कैचीनं," ती म्हणाली. "तुकडे उचलता उचलता मी म्हटलं, केवढा झाला माय माहा पोरगा! कैची चालवाएवढा झाला." आणि ती चक्क हसली. "तुले काय वाटलं, मी रागावली होती?"

"तू काही बोलली नाहीस."

"बोलली असती त रडली असती, बाबू. अन् खुशीचं रडणं लोकाइले दिसू नाही द्याचं. दृष्ट लागते."

सत्तेचाळीस वर्षं मी तिच्या गप्प राहण्याला घाबरत होतो, आणि ती तेवढी वर्षं माझी दृष्ट काढत बसली होती. मी मान खाली घातली. तिने सुई पदराला टोचून ठेवली आणि माझ्या नाकावरच्या खड्ड्याला बोट लावलं.

"ओढ ना आता," ती म्हणाली.

मी दोरा ओढला. फ्रॉक दोन बोटं लांब झाला.