शकुनबाईंचे तीन दिवे

अकोल्याच्या जुन्या शहरात शकुनबाईंच्या खोलीसमोरच पंजाबरावांचा ओटा होता. त्यामुळे बाईंच्या चुलीवर काय शिजतं, याचा वास बाईंच्या आधी पंजाबरावांना यायचा. बासष्ट सालच्या त्या आठवड्यात मात्र चुलीकडे बाईंचं लक्षच नव्हतं. खोलीबाहेर बॅटरीचे चार जुने सेल उन्हात मांडले होते, जरा जीव धरतील म्हणून.

"काहून व शकुन, यंदा कुरड्या लोखंडाच्या काय?"

"काका, तुमच्या बॅटरीतला दिवा द्या. शाळेत पाहिजे."

"मंग वावरातली डुकरं हाकलाले तू येशीन काय?"

असं दोन दिवस 'उद्या, उद्या' करत त्यांनी दिवा दिला, तो थेट तपासणीच्या सकाळी.

बाई हट्टी, हे गल्लीला पाठ होतं. कापसाच्या जिनात रुईची ओझी वाहणाऱ्या बुधाजींची ही लेक मॅट्रिक झाली, अमरावतीहून शिक्षिकेचं ट्रेनिंग करून आली आणि मुलींच्या शाळेत पहिल्याच महिन्यात विज्ञानाचा तास मागून बसली. मुख्याध्यापिका माणिकबाईंनी तो दिला, पण बजावून. "तपासनीस साहेबांचा शेरा चांगला पडला तर तास तुमचा. नाहीतर त्या वेळात शिवण."

शाळेत साहित्य म्हणाल तर खडू. मग बाईंनी बांबू उभा चिरून त्यात सेल ओळीने बसवले, सायकलच्या दिव्याची तार सोलली, डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून बटण केलं. फळ्यावर आकृती काढली. प्रत्येक सेलसाठी एक लांब नि एक आखूड रेघ, दिव्यासाठी वर्तुळात फुली. तार सेलपासून पहिल्या दिव्यात, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि परत सेलकडे. एकच वाट, फाटा कुठे नाही. याला एकसर जोडणी म्हणतात, हे सातवीच्या मुली झोपेतही सांगत. शिवणाची धास्तीच तेवढी होती.

साहेब आले, सोबत माणिकबाई. खिडक्या लावल्या. बाईंनी पट्टी दाबली. तिन्ही दिवे लागले, पण पहिला चांगला पिवळाधमक आणि मागचे दोघे लालसर, मेल्यासारखे.

साहेब हसले. "बाई, हे असंच व्हायचं. पहिला पोटभर घेतो, मागच्यांना उरलंसुरलं. आणि तुम्ही मुलींना सांगता, वीज सगळीकडे सारखी?" त्यांनी पेन उघडलं.

गावजेवणात बाईंच्या घरच्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी बसे, तीही अंगणाबाहेर, आणि द्रोणात वरणाचं नुसतं पाणी येई. वीज तशी वाढपी नसते, म्हणून तर त्यांना हा धडा आवडला होता.

"साहेब, शेरा दोन मिनिटं थांबवा."

बाईंनी पहिला दिवा काढून तिसऱ्या जागी बसवला, तिसरा पहिल्या जागी. पट्टी दाबली. आता तिसऱ्या जागचा पिवळाधमक.

"सांगा ग, असं का?"

मागच्या रांगेतली रुख्मिणी उठली. तिची आई मोर्णा नदीच्या काठी भाजी विकायची, त्यामुळे आवाज खणखणीत. "जागेचं काई नाई बाई. त्या दिव्याचाच पिंड निराळा हाय."

"बरोबर. तो आमच्या समोरच्या काकांच्या तीन सेलच्या बॅटरीतला, बाकीचे दोघे दोन सेलच्या. त्याच्या आतली तार विजेला जास्त अडवते, म्हणून जास्त तापते. वीज तिघांतून तेवढीच जाते."

साहेबांना पटलं नव्हतं. त्यांनी स्वतः शेवटचा दिवा फिरवून काढला, पहिला तरी चालूच राहील या खात्रीने. तिन्ही विझले. त्यांनी तो परत बसवला, काढला, पुन्हा बसवला. माणिकबाईंना खोकला आला, की हसू, हे अंधारात कोणाला कळलं नाही.

"खिडकी उघडा," शेवटी साहेब म्हणाले, "लिहायला दिसत नाही."

तास राहिला.

संध्याकाळी पंजाबराव ओट्यावर छाती काढून बसले होते. "माह्या दिव्यानं तुहा तास वाचवला म्हनतात."

"तुमच्याच दिव्यानं बुडत होता, काका."

दिवा मात्र त्यांना परत मिळाला नाही. पुढे दरवर्षी तो धडा आला की बाई तोच काढत आणि मुद्दाम पहिल्या जागी बसवत.