भट्टांचं मैदान

मी वाढले दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत. तिथे दिवा गेला की तक्रार करायची आणि दुपारपर्यंत माणूस शिडी घेऊन यायचा. सगळ्या मुलखांतले लोक शेजारी, त्यामुळे घरात आणि दारात सगळे पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन मी धुळ्याला, देवपूरच्या एका नव्या वसाहतीत आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. हातगाडीवाला निघून जात होता. मी भाजी मागितली, तर तो म्हणाला, "बठ्ठी भाजी सरनी." मला वाटलं, शेपू-चुक्यासारखी बठ्ठी नावाची एखादी पालेभाजी असेल आणि ती संपली असेल. मी त्याला बजावलं की उद्या माझ्यासाठी पाव किलो बठ्ठी बाजूला ठेव.

समोरच्या अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. त्या इतक्या हसल्या की सूप मांडीवरून घसरलं. मग त्यांनी मला समजावलं की बठ्ठी म्हणजे सगळी, बठ्ठा म्हणजे सगळा, आणि आज सगळीच भाजी संपली आहे. पुढे कितीतरी दिवस मी भाजीला निघाले की कुठल्या तरी ओट्यावरून हमखास विचारणा व्हायची, काय मग, बठ्ठी आणायला का. मला राग पटकन येतो, पण अक्कांवर कधी टिकला नाही.

आमच्या वसाहतीत रस्ता नव्हता, गटार नव्हती, नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं. तक्रार करायची म्हटलं तर कुणाकडे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मात्र आमच्याकडे होती आणि तिचा आम्हाला माज होता. घरांच्या मधोमध मोकळं मैदान होतं. नकाशात ते ‘ओपन स्पेस’ होतं आणि बोलण्यात नुसतं ‘मोकळं’. लग्नाचा मांडव मोकळ्यात पडायचा, श्रावणात कानबाई देवी मोकळ्यातून वाजतगाजत जायची, पोरांचं क्रिकेट तर अंधार पडेपर्यंत. आणि उन्हाळा लागला की मोकळं बायकांचं. बिबडे, म्हणजे वाळवणाचे ज्वारीचे पापड, तिथेच व्हायचे.

बिबडे एकटीने होत नाहीत. ज्वारी भिजवायची, ती आंबली की उपसून भरडायची, आणि मग पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा. घाटा घोटायला दोन धडधाकट बायका लागतात. तो गरम आहे तोवर ओल्या कापडावर हाताने गोल गोल थापायचा, त्याला आणखी पाच-सहा जणी तरी हव्यात. म्हणून आज हिचे, उद्या तिचे, असे वार ठरलेले असत. पत्र्याची घरं, गच्ची कुणालाच नाही. जुन्या लुगड्यांनी मोकळं भरून जायचं. मी पहिल्या वर्षी लाडात येऊन म्हणाले की आमच्याकडचे बिबडे याहून पातळ असतात. झालं, तेव्हापासून थापायला सगळ्यात आधी मलाच बसवत.

गच्ची होती ती फक्त कोपऱ्यावरच्या नानांना. नाना ठेकेदारीतून निवृत्त झालेले, वसाहतीतला एकमेव बंगला त्यांचा. माणूस साक्रीकडच्या खेड्यातला, पण बोलणं असं की आकाशवाणीवरून बातम्या देतोय. त्यांची म्हातारी आई त्यांच्याजवळ राहायला आली होती. तिला आम्ही सगळे मोठी माय म्हणायचो. पाहुणे आले की नाना तिला सांगायचे, माय, ‘आहे’ म्हण, ‘शे’ म्हणू नकोस. त्यावर तिने आपल्या पद्धतीने उपाय काढला होता. पाहुण्यांपुढे ती बोलतच नसे. तिचं सगळं बोलणं मोकळ्यात, आमच्यात येऊन व्हायचं. सकाळी नातवंडं शाळेत गेली की ती काठी टेकत यायची, आणि जेवायच्या वेळी घरातून बोलावणं आलं की तोंड पाडून जायची.

नानांची नजर मोकळ्यावर आहे हे आम्हाला उशिरा कळलं. आधी त्यांनी कुंपणाबाहेर बोगनवेल लावली. मग बोगनवेलीला गुरं खातात म्हणून तिच्या पुढे काटेरी तार आली. मग तारेच्या आत विटा पडल्या. विचारलं की नाना हसून म्हणायचे, बाग करतोय, शोभा तुमचीच वाढणार आहे. शेवटी बातमी फुटली की त्यांनी पालिकेत अर्ज दिला आहे, ही जागा पडीक आहे, रहिवासी वापरत नाहीत, म्हणून देखभालीसाठी मला द्यावी. देखभालीला दिलेल्या जागेला आधी फाटक लागतं आणि मग कुलूप, हे काही वेगळं सांगायला नको होतं. एक साहेब जागा पाहायला येणार होते. त्यांना ती पडीक दिसली असती तर आमचं मोकळं गेलं असतं.

पुरुषमंडळींनी बैठक घेतली. माझे यजमान, बँकेतले भाऊ आणि कॉलेजातले सर यांची समिती झाली. त्यांनी ठरवलं की मैदान झाडून लख्ख करायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, मध्ये टेबल-खुर्च्या मांडायच्या आणि साहेबांचं हार घालून स्वागत करायचं. आणि हो, त्या दिवशी बायकांनी बिबडे-फिबडे पसरू नयेत. साहेबांना वाटेल, हे अतिक्रमणच आहे. मी घरी यजमानांना विचारलं की झाडलेलं, रिकामं, चुन्याच्या रेघांचं मैदान पडीक दिसणार नाही तर काय दिसणार. ते म्हणाले, तुला कार्यालयीन गोष्टी कळत नाहीत. मी त्यांना चहा दिला, पण साखर घालायची राहिली.

साहेब येणार त्या दिवशी नेमका अक्कांचा वार होता. आणि तो चुकवण्यासारखा नव्हता, कारण वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. रुखवतात बिबडे हवेत, मांडवात पाहुण्यांना हवेत. मुख्य म्हणजे ज्वारी आधीच भिजली होती. सरांनी त्यांना नम्रपणे सांगून पाहिलं की अक्का, एक दिवस पुढे ढकला. अक्का मृदू बाई, कधी कुणाला उलट न बोलणारी. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"जवारी भिजेल शे, सर. ती काय साहेबनी वाट देखस?"

आंबलेल्या ज्वारीला तारीख कशी देणार.

साहेब दुपारी येणार असा निरोप होता, म्हणून तोवर आवरू असं कबूल करून आम्ही पहाटेच पातेलं चढवलं. उन्हं वर आली तेव्हा चुन्याच्या रेघा लुगड्यांखाली गडप झाल्या होत्या. मोठी मायसुद्धा आली होती. तिच्याने थापणं होत नसे, पण मीठ कमी-जास्त ती वासावरून सांगायची. उशीर नको म्हणून समितीची मंडळी लवकरच हार घेऊन साहेबांना आणायला पांझरा नदीवरच्या मोठ्या पुलाकडे गेली. तिथे ती जी उभी राहिली ती उभीच राहिली, कारण साहेब लहान पुलावरून आले, आणि तेही सकाळीच. ऊन तापायच्या आत काम उरकावं असा त्यांचा साधा हिशेब होता.

जीप नानांच्या फाटकापाशी थांबली. नाना इस्त्रीच्या कपड्यांत तयारच होते. साहेब तरुण होते, तिकडे सातारा-सांगलीकडचे, धुळ्यात नवीन. ते नानांबरोबर मोकळ्यात आले आणि थबकले. पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. कोपरापर्यंत घाट्याने माखलेले आमचे हात, केसांवर ओले रुमाल, आणि एवढ्या बायका त्यांच्याकडेच बघताहेत. आता अतिक्रमण म्हणणार आणि सगळ्याचं खापर आमच्यावर फुटणार, असंच मला वाटलं.

साहेबांनी सगळ्यात जवळ बसलेल्या अक्कांना विचारलं, हे सगळं कोणाचं आहे.

"हाई बठ्ठासनं शे," अक्का म्हणाल्या.

"भट्टांचं?" साहेबांनी विचारलं. "कोण भट्ट?"

अक्कांना वाटलं, परमुलखातला माणूस आहे, जीभ वळत नसेल. त्यांनी प्रेमाने मान हलवली, हो, बठ्ठासनं. साहेबांनी विचारलं, मग भट्ट कुठे आहेत. अक्कांनी हात फिरवून सगळ्या मोकळ्यावरून नेला आणि सांगितलं, "बठ्ठा आठेच शेतस."

सगळे इथेच आहेत. साहेब बिचारे आमच्यात भट्ट शोधू लागले. मला पाव किलो बठ्ठी आठवली आणि जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. पदर तोंडात धरावा तर हात घाट्यात. मी बोलायला तोंड उघडलं आणि नुसती खोकलेच.

इथे नानांना संधी दिसली. ‘बठ्ठा’ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणूच नये. आईच्या मांडीवर पहिल्यांदा कानावर पडलेल्या शब्दांपैकी तो शब्द असणार. पण ते आपल्या बातम्यांच्या आवाजात म्हणाले, "साहेब, या वसाहतीत भट्ट आडनावाचं एकही कुटुंब नाही. या महिला भलत्याच माणसाच्या नावावर जागा अडवून बसल्या आहेत."

हसू जागच्या जागी जिरलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहत होते, पण माझ्या आधी काठी वाजली. मोठी माय उठली होती. पाहुण्यांपुढे कधीही न बोलणारी ती बाई लुगड्यांच्या कडेकडेने चालत साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"भट्ट नही साहेब, बठ्ठासनं," ती म्हणाली. "म्हंजे मन्हं बी, तिन्हं बी. अन् हाऊ मन्हा आंडोर शे, त्यान्हं बी."

माझं पण, तिचं पण, आणि हा माझा मुलगा आहे, त्याचं पण. एवढं समजायला साहेबांना दुभाषा लागला नाही. त्यांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा नानांकडे.

"या तुमच्या आई?"

नानांनी मान हलवली.

"मग ‘बठ्ठा’ म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक असेलच."

नानांचं इस्त्रीचं मराठी त्या दिवशी पहिल्यांदा अडलं. मोठ्या मायने त्यांचा दंड धरला, रागाने नाही, पोराला धरावा तसा, आणि त्यांना लुगड्यावरून पाय काढायला सांगितलं. खरंच, नाना इतका वेळ अक्कांच्या एका लुगड्याच्या काठावर उभे होते.

मग साहेबांना खुर्ची दिली. समितीने मांडलेल्या खुर्च्यांचा तेवढाच उपयोग झाला. ताटलीत गरम घाटा, त्यावर कच्चं तेल आणि तिखट घालून अक्कांनी पुढे केला. साहेबांनी आधी नको म्हटलं, मग चाखून पाहिला, मग ताटली पुन्हा पुढे केली. आमचे पुरुष धापा टाकत, सुकलेला हार घेऊन पोचले तेव्हा साहेब तीळ किती घालायचे ते विचारत होते. सर खिशातून निवेदन काढू लागले. साहेब उठत म्हणाले, त्याची गरज नाही. जागा रहिवाशांच्या वापरात आहे, एवढंच मला पाहायचं होतं, आणि याहून जास्त वापरात असलेली जागा मी अजून पाहिली नाही.

जीप वळेपर्यंत आम्ही दम धरला. मग जो कल्ला झाला तो पांझरेपलीकडे गेला असेल. अक्कांनी मला घाट्याच्या हातांनीच मिठी मारली. माझी ती साडी पुढे बिबड्यांसाठीच वापरावी लागली, पण मला तिचं दुःख झालं नाही. आम्ही जिंकलो होतो आणि मला त्याचा भयंकर आनंद झाला होता. हार कुणाला घालायचा हा प्रश्न मीच सोडवला. तो मोठ्या मायच्या गळ्यात पडला. ती लाजली, मग म्हणाली की उन्हात उभं राहू नका, घाटा गार होतोय.

तार नानांनी स्वतः सोडवली, कुणी म्हटलं नव्हतं तरी. विटा अक्कांच्या मुलीच्या लग्नात चुलांगणाला लागल्या. त्या मांडवात नाना वाढायला उभे होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम दोनदा बिबडा मागितला. दुसऱ्यांदा वाढताना ते थोडे हसले आणि हळूच म्हणाले, "बठ्ठा सरनात, वहिनी." सगळे संपले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग माझा राग गेला तो गेलाच.

साहेबांचा घोळ मात्र पोरांनी सोडला नाही. मोकळ्याला ती ‘भट्टांचं मैदान’ म्हणू लागली. पोरांचं ऐकून रिक्षावाले म्हणू लागले, मग दुकानदार, मग पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्हीही. मोठी माय गेली, त्यानंतर अक्काही गेल्या. जुन्या घरांवर मजले चढले, गच्च्या झाल्या, नवे लोक राहायला आले. मोकळं अजून मोकळं आहे.

मध्ये समोरच्या माडीवर नवीन सून आली, नाशिककडची. संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारताना तिने मला विचारलं, "काकू, हे भट्ट कोण होते? मोठे माणूस असतील ना, एवढी जागा दिली म्हणजे."

"खूप मोठे," मी म्हटलं. "अजून इथेच राहतात. उद्या सकाळी बिबड्यांना ये, त्यांच्यातच बसवते तुला."