पाळीवरचा पिंपळ

शनिवार. पोळा होऊन आठवडा झाला. सकाळी साडेसहाची नागपूर–छिंदवाडा बस पकडली. सावनेरला दहा मिनिटं थांबा, नऊच्या आत सौसर. तिथून मोहगाव, आणि मोहगावच्या पुढे ऑटोनं गाव. दुपारी प्रकाशदादाचा पहिला स्मृतिदिन. मुक्काम वहिनीकडे. पाऊस नव्हता, आभाळ भरलेलं होतं.

या ब्लॉगवर वर्षभर काही लिहिलं नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, सुट्टीत बसनं कुठेतरी जाते आणि आल्यावर इथे लिहिते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत गावाच्या मातीच्या बंधाऱ्याची पाळ फुटली आणि माझा मोठा भाऊ तिच्यासोबत गेला. त्यानंतर कुठे गेले नाही. गावालाही नाही. यंदाही जाणार नव्हते, पण वहिनीचा फोन आला.

"या ना ताई. लोकं तुमच्या दादाच्या नावाचं झाड लावून राहिले. तुमच्याच हातानं लावाचं म्हणतात."

झाड कुठे लावणार, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ज्यांना या बाजूला यायचंय त्यांच्यासाठी: रस्ता चांगला आहे. सावनेर सुटलं की थोड्या वेळात राज्य बदलतं. दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, बोलणं तेच राहतं. लोधीखेड्यापासून दोन्ही बाजूंना कपाशी, मग संत्र्याच्या बागा, सध्या फळ हिरवं. सौसरला उतरल्यावर तर्री घातलेला आलुबोंडा खा. मोहगावच्या पुढे ऑटो माणसं भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर येऊ नका. आमच्या ऑटोत नऊजण होतो. दहाव्या बाईला पाहून एक म्हातारी म्हणाली, "ये, ये. माया मांडीवर बस. घरी सून तं बसूनच राहिली डोक्यावर." सगळे हसले. मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा असावं.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण वहिनीला तिथेच राहायचं आहे.

बंधारा गावाच्या वरच्या अंगाला आहे. टेकडीवरून नाला येतो, त्याला आडवी मातीची पाळ, दोन पुरुष उंच, आणि एका कडेला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची दगडी वाट. पाळीच्या खाली तीसेक घरं. हा बंधारा पाणी साठवायला बांधलेला नाही. टेकडीवरचा लोंढा अडवायचा आणि हळूहळू सोडायचा, यासाठी तो आहे. त्यासाठी तलावात जागा रिकामी हवी आणि सांडवा मोकळा हवा. पण वर ज्यांच्या बागा आहेत त्यांना पाणी भरलेलं हवं असतं. म्हणून दरवर्षी पावसाच्या शेवटी सांडव्याच्या तोंडावर रेतीची पोती रचली जातात. चोरून नाही, सगळ्यांसमोर. पंचायतीला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट झाडांची. मातीच्या पाळीवर झाड वाढू द्यायचं नसतं. मुळं आत शिरतात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि मागे पोकळ नळी राहते. पाणी ती नळी शोधतं. दादा आठवी शिकला होता, त्याला हे समजत होतं. पावसाआधी तो एकटा पाळीवरची झुडपं उपटायचा. पाळीवरच्या मोठ्या बाभळी पंचायतीनं कापल्या, लाकूड नेलं आणि बुंधे तसेच ठेवले. दादा म्हणाला, मुळं खणून काढा, मुरूम भरा, ठोका. तीन अर्ज दिले त्यानं. गेल्या वर्षी पाऊस लागला, सांडव्यावर पोती होतीच. उजाडल्या उजाडल्या तो पोती काढायला निघाला. सांडव्यापर्यंत पोचलाच नाही. जुन्या बुंध्यापाशी पाळ त्याच्या पायाखालून खचली.

कागदावर आलं: अतिवृष्टी.

वहिनीच्या अंगणात बुद्धवंदना झाली, खीर-पुरीचं जेवण झालं. मग सगळे पाळीकडे निघाले आणि मला कळलं. वर कापडी फलक लागला होता. त्यावर दादाचा फोटो, आणि दादाच्या दुप्पट सरपंचाचा. आजूबाजूला झेंडूच्या माळा. ज्या ठिकाणी पाळ फुटली, जिथे नवा मुरूम भरलाय, बरोबर तिथे खड्डा खणलेला. आणि पंचायतीच्या सचिवाच्या हातात पिंपळाचं रोप.

आम्ही बौद्ध. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं पिंपळ लावतात. माझ्या वडिलांच्या नावाचा विहाराशेजारी आहे. त्यामुळे कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आधी लिहून ठेवते. त्यांनी सगळ्यात पवित्र झाड निवडलं आणि सगळ्यात चुकीची जागा. पिंपळ भिंत फोडतो, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

नथ्थूजी माझ्या शेजारी उभे होते. ही पाळ बांधली तेव्हा ते मुकादम होते. हळूच म्हणाले, "प्रकाश राहता तं त्यानं आतापर्यंत फेकलं असतं हे."

"मग तुम्ही काहून नाही बोलले?"

"बोललो ना जी. सरपंच म्हणे, नथ्थूजी, तुम्ही मराले आले आन् झाडाले भेऊन राहिले."

सरपंचानं ऐकलं. "अहो ताई, दहा वर्षांनी सावली पडन इथं. लावा, लावा. फोटो वर पाठवाचा आहे."

आणि मी लावलं. हे लिहायला मला तीन दिवस लागले. पन्नास माणसं बघत होती, वहिनी रडत होती. मला चारचौघांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. वाकले, रोप ठेवलं, माती लोटली, फोटोसाठी वर पाहिलं. ज्यानं मरेपर्यंत या पाळीवरची झाडं उपटली, त्याच्या नावानं त्याच्या बहिणीनं तिथेच झाड लावलं.

उजेड होता तोवर वहिनीबरोबर पाळीच्या खालच्या बाजूनं फिरले. पायथ्याशी ओल होती आणि बोटाएवढं पाणी झिरपत होतं. वहिनीनं ते ओंजळीत धरून दाखवलं. निवळ होतं. मातीची पाळ थोडी झिरपतेच. पाणी निवळ असेल तर फक्त लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर आतली माती वाहून चाललीय, तेव्हा घर सोडायचं. दादानं तिला शिकवलं होतं.

"रोज सकाळी आधी हे पाहावं लागते," ती म्हणाली. "मंग चूल."

"वहिनी, इथं झाड नको, असं तुम्ही का नाही म्हणालात?"

"कशी म्हणू? वर्षभर कोणी त्याचं नाव नाही घेतलं. पयल्यांदा घेतलं."

मी तिच्यासोबत सांडव्यापर्यंत चालत गेले. तिथे यंदाही पोती होती. एवढं झाल्यावरही. सकाळी ती काढायची, असं ठरवून आम्ही घरी आलो.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो, मी, वहिनी, नथ्थूजी. पोती ओली, दोघींना मिळूनही एक उचलवत नव्हतं. नथ्थूजींनी विळ्यानं फाडून रेती सांडली, रिकामी पोती आम्ही ओढली. दुपारपर्यंत सांडवा मोकळा झाला आणि पाणी हळूहळू उतरायला लागलं. वरच्या बागेचा मालक मोटारसायकलनं आला.

"हे काय करून राहिले? आमची संत्री वाळन ना बाई!"

वहिनी रेतीनं भरलेले हात तसेच ठेवून म्हणाली, "माया माणूस गेला. तुमची एक फांदी तरी गेली का?"

त्यानं गाडी वळवली. आला तसा गेला. संध्याकाळी पुन्हा पोती रचेल, हे आम्हाला माहीत होतं. वहिनी म्हणाली, पुन्हा काढू.

येताना मी पिंपळापाशी बसले. दोन हातांनी माती मोकळी केली, मुळं न तोडता रोप काढलं आणि खड्ड्यात नथ्थूजींनी मुरूम भरून ठोकला. वहिनीनं तिच्या जुन्या ओढणीत मुळं बांधून दिली. "घेऊन जा," एवढंच म्हणाली.

सोमवारी सौसरहून बसनं पांढुर्णा, आता जिल्ह्याचं ठिकाण तेच. सव्वा तास धरा. पाटबंधाऱ्याच्या सरकारी कार्यालयात मी मांडीवर रोप घेऊन बसले. शेजारी तिगावचे एक काका होते, त्यांच्याही तलावाची पाळ गळत होती. "मी चौथ्यांदा आलो," ते म्हणाले. "तुम्ही झाड आणलं हे चांगलं केलं. तुमचा नंबर येईपर्यंत फळ लागन."

पाळ तपासा, सांडवा मोकळा ठेवा, असा माझा मराठी अर्ज तिथल्या बाबूनं परत दिला. हिंदीत लिहून आणला. मग म्हणाला, "हा बंधारा आपला नाही मॅडम. पंचायतचा आहे."

पंचायत म्हणते तुमचा, मी म्हणाले.

"मग वनवाल्यांचा असेल." त्यानं मोबाईल काढून पाहिला. "पण काम तर झालेलं दिसते तिथं. मरम्मत, वृक्षारोपण. हा पाहा फोटो. तुम्हीच आहे ना?"

मीच होते. वर पाहत असलेली.

मी ओढणी सोडून रोप त्याच्या टेबलावर ठेवलं. फायलींवर माती सांडली. त्याला सांगितलं की खाली तीस घरं आहेत, आणि बंधारा कुणाचा आहे ते लिहून दिल्याशिवाय मी उठणार नाही. आवाज चढला नाही, माझा चढत नाही. पण तासाभरानं पोचपावती मिळाली, शिक्क्यासह. पाहणी करू, असं लिहिलंय. कोण करणार, ते नाही. दादाच्या तीनही अर्जांना पोचपावती नव्हती, एवढाच फरक. त्या बाबूवर राग नाही असं म्हणणार नाही. आहे. स्वतःवरही आहे.

रोप पुन्हा ओढणीत बांधलं आणि पांढुर्ण्याहून संध्याकाळच्या गाडीनं नागपूर. जनरल डब्यात जागा मिळाली. तुमच्या गावावर अशी पाळ असेल तर पुढच्या वेळी घरी गेलात की तिच्यावर चढून पाहा: झाडं, बिळं, सांडव्यावरची पोती. मग खाली उतरून पाणी पाहा. त्याला शिक्षण लागत नाही.

घरी पोचले, दार उघडलं, दिवा लावला. रंगाची रिकामी बादली गॅलरीत होती, तिला तळाशी खिळ्यानं भोकं पाडली. रोप लावलं, माती हातानं दाबली, मगभर पाणी घातलं. मग खाली बसून तळातून येणारं पाणी पाहत राहिले. आधी गढूळ आलं. आणखी एक मग घातला.