विमानाला तिसरं पातं

आमच्या ह्यांचं एक विमान आहे. हे सांगितलं की भिशीतल्या बायकांना वाटतं, मी थापा मारते. मारते मी, पण ही थाप नाही. कळमन्याला संत्र्याची आडत चालवणाऱ्या माणसाला तरुणपणी उडायचं वेड लागलं, आणि मुलं शाळेत असताना त्यांनी एका दोस्ताबरोबर भागीत एक जुनं, चार सीटांचं विमान घेतलं. दोस्त पुढे मुलाकडे परदेशी गेला. विमान राहिलं, हे राहिले, आणि जमिनीवर मी राहिले.

मी जमिनीवर का राहिले, तो किस्सा माझ्या अकलेचा आहे.

विमान घेतल्यावर पहिल्यांदा मला फिरवायचं ठरलं, तेव्हा मी पैठणी नेसून गेले होते. काळा चष्मा, गुलाबी छत्री, पायात उंच टाचा. विमानतळावर मला पाहायला सगळं नागपूर जमणार आहे, अशी त्या बाईची, म्हणजे माझी, समजूत होती. जमले होते दोन मेकॅनिक आणि एक कुत्रं. विमान काही केल्या सुरू होईना. हे आत बसून खटपट करत होते. आता नागपुरात पंखा अडला की काय करतात? कूलरचा पंखा अडला की जाळीतून काडी घालतात आणि पात्याला एक ढोसा देतात, तो भुर्रकन सुरू होतो. आमच्याकडे दर एप्रिलला ते काम माझं. तेव्हा मी ऐटीत पुढे गेले आणि छत्रीच्या टोकानं विमानाच्या पात्याला ढोसा दिला.

पंखा सुरू झाला. खोकल्यासारखा एकदाच फिरला आणि थांबला, पण तेवढ्यात छत्रीची दांडी माझ्या हातात उरली आणि बाकीची छत्री कुत्र्यापाशी जाऊन पडली. हे उडी मारून खाली आले. चेहरा पांढराफटक. आणि त्या दोन मेकॅनिकांसमोर माझ्यावर असे ओरडले, असे ओरडले, की काय सांगू!

हात वाचला, जीव वाचला, हे त्या पैठणीवालीच्या डोक्यात शिरलंच नाही. तिला एवढंच कळलं की चारचौघांत अपमान झाला. तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं, "परत या विमानात पाय ठेवणार नाही. हात जोडून बोलवाल तेव्हाच." ह्यांनी हात जोडले नाहीत. मीही पाय ठेवला नाही. मुलं मोठी झाली, नातवंडं आली, सगळे त्या विमानातून रामटेकची टेकडी वरून पाहून आले. मी खालून डबा भरून द्यायची.

यंदा होळीच्या आसपास हे ओट्यापाशी उभे राहून संत्रं सोलत म्हणाले, "पावसाळ्यात वैमानिकाची डॉक्टरी तपासणी आहे. या खेपेला काही पास होत नाही बहुतेक. डावा कान ऐकून नाही राहिला बराबर."

मी पोळी लाटत होते. तोंडातून निघून गेलं, "मग मला कधी नेता?"

हातातली फोड हातातच राहिली. मग हळूच म्हणाले, "तिथंच तर गोची आहे."

गोची अशी की जुना पंखा दोन पात्यांचा, धातूचा. धावपट्टीवरचे खडे उडून पात्यांना खाचा पडत, त्या घासून घासून पाती झिजलेली. थंडीत कसंबसं निभत होतं. पण उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमान वर चढायला कुरकुरतं. एकटे असले की हे चढवत. सोबत मी, म्हणजे आताची मी, बसले तर ते हिंमत करणार नव्हते. आणि पावसाळ्याआधी नाही, तर मग कधीच नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या पंख्याची ऑर्डर दिली. मी विचार बदलायच्या आत. नवा पंखा तीन पात्यांचा, आत लाकूड, वरून कार्बनचा थर, वजनाला हलका. वेग थोडा कमी होईल, पण चढ चांगला मिळेल, म्हणाले. दिल्लीच्या विमान खात्याची परवानगी आणि पंख्याची पेटी, दोन्ही येईपर्यंत मे उजाडला.

पंखा बसवायला आली ती इंजिनीअर नरखेडकडची पोरगी. केस कचकन बांधलेले, तोंडाला फटकळ. मी पूजेचं ताट घेऊन पोचले तशी ती म्हणाली, "काकू, पात्याले हळदीकुंकू नका लावू जी."

"काहून वं? गाडीले लावतेत, ट्रॅक्टरले लावतेत."

"ट्रॅक्टर उडून नाही राहिला ना! इथं एका बाजूले चिमूटभर वजन वाढलं तरी सारं थरथरते. मधल्या टोपीले लावा, अगदी मधोमध. बोटभर. आन् नारळ तिकडं लांब फोडा."

मी मधोमध बोट टेकवलं. तिनं मान तिरकी करून पाहिलं. "थोडं डावीकडं झालं," म्हणाली आणि फडक्यानं पुसून टाकलं. मी दुसऱ्यांदा लावलं, तेव्हा पास झाले.

तिनं बोल्ट ठरल्या जोरानं कसले, तारेनं बांधले, इंजिनाला यंत्र लावून थरथर मोजली, चकत्या घालून ती कमी केली. मग हे एकटे वर जाऊन आले. खाली उतरले ते लग्नातल्यासारखे लाजत.

"चढतो?" मी विचारलं.

"चढतो." मग ती पोरगी उभी आहे हे पाहूनसुद्धा त्यांनी हात जोडले. "येतेस का वं?"

पोरगी म्हणाली, "जा ना काकू, आता काय आमंत्रणपत्रिका छापाची?"

गेले. बसले. पट्टा बांधला, कानावर ते बोलायचं-ऐकायचं मोठं यंत्र चढवलं. पुढच्या तीन पात्यांचा धूर झाल्यासारखं झालं, आणि नागपूर माझ्या खालून निघून गेलं. कूलरच कूलर, गच्चीगच्चीवर. मग शेतं, मग रामटेकची टेकडी, वर पांढरी देवळं, खेळण्यातल्यासारखी. माझ्यापुढेही एक दांडा होता. "त्याला फक्त हात टेकव, ओढू नको," असं ह्यांनी बजावलं होतं. मी तो घट्ट धरला आणि जे घरी कधी बोलले नसते ते बोलून टाकलं. "अहो, मी मूर्ख होते हो. एवढी वर्षं फुकट घालवली. तुमच्याइतकं मला कुणी..." आणि पुढचं. पुढचं लिहिणार नाही.

पदर सावरायला दांडा सोडला, तसा कानात एक अनोळखी पुरुषी आवाज आला, अगदी गंभीर. "मॅडम, सगळ्यांना ऐकू आलं. आता दांड्यावरचं ते बोलायचं बटण दाबू नका."

विमानतळाच्या मनोऱ्यातून बोलत होता तो. त्या वेळी हवेत असलेल्या सगळ्या वैमानिकांनीही ऐकलं असणार. खाली उतरलो तेव्हा ती नरखेडची पोरगी रेडिओशेजारी पोट धरून हसत बसली होती.

हे मात्र म्हणतात, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. डावा कान. परत सांग म्हणतात, आणि खुर्ची माझ्या डाव्या बाजूला सरकवून उजवा कान पुढे करतात.