आईचं बोलणं

जुना कॉम्प्युटर तापला की धुळीचा वास येतो आणि आमच्या आंबी गावातली ती दुपार आठवते. त्या दिवशी घरात इंटरनेट आलं. खांबावरून वायर ओढून झाली, मोडेमचे हिरवे दिवे लागले, मग मी कॅमेरा जोडला. आई जन्मापासून बहिरी, नागपूरला दिलेली मावशीही तशीच. फोन त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. "आईला हितं बसव," वडील म्हणाले. पडद्यावर मावशी दिसताच आई आधी थिजली. मग तिचे हात उठले, आणि तिकडून मावशीचेही. लहानपणी दोघींनीच रचलेल्या त्या खुणा आम्हाला कळत नव्हत्या. चहा निवला, दिवेलागण झाली, तरी हात थांबेनात. "लय बोलाया येतंय की हिला," वडील हळूच म्हणाले आणि दारातच खाली बसले. इतकं पोटभर बोलणं मी आजवर पुन्हा पाहिलेलं नाही.