लिंबोणीची बाग आणि माझं सुंदर अक्षर

मी तलाठी म्हणून निवृत्त झाले, पण लोकांनी मला निवृत्त होऊ दिलं नाही. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजते, दारात कुणीतरी पिशवी पोटाशी धरून उभं असतं आणि त्या पिशवीत हळदीचे, खोबरेल तेलाचे डाग पडलेले सातबारे असतात. "भाऊसाहेब हायेत का?" आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. मी बाई आहे, हे नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगून पाहिलं, मग नाद सोडला. आमच्या ह्यांनी एकदा दार उघडून थट्टेत "मीच" म्हटलं आणि त्यांना एका आजोबांची चार पिढ्यांची वंशावळ उभ्याउभ्या ऐकावी लागली. तेव्हापासून ते दार उघडायला जात नाहीत.

बहुतेकांची तऱ्हा एकच. जमीन वडिलोपार्जित, कसतात इमानेइतबारे, पण कागद भलतंच बोलतो. कुणाचे पणजोबा अजून खातेदार आहेत, कुणाच्या आत्यांची नावं लावायचीच राहिली आहेत, कुणाची वाटणी ओसरीवर बसून तोंडी झाली आणि तिथेच संपली. मी अर्ज लिहून देते, कुठल्या टेबलाशी जायचं ते सांगते आणि मधूनमधून खेकसते. खेकसल्याशिवाय माझं अक्षर नीट येत नाही.

एका सकाळी सुप्याच्या पुढे, आतल्या एका गावचे आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, ताठ, डोक्यावर टोपी आणि हातात कागदी लिंबांची पिशवी. बसायच्या आधीच म्हणाले, "भाऊसाहेब, मोबाईल खोटं बोलतो का?"

पूर्वी कुणाच्या शेतात काय पीक आहे ते आम्ही तलाठी लिहायचो. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा असतो. तुम्ही खरंच स्वतःच्या गट नंबरच्या जमिनीत उभे आहात का, हे मोबाईल आधी तपासतो. आजोबा नातसुनेला घेऊन आपल्या लिंबोणीच्या बागेत उभे राहिले, तर मोबाईल म्हणाला, तुम्ही तुमच्या शेतात नाही.

"माझ्या बागंत मला सांगतो! मी म्हनलं, बघू तरी ह्याच्या मतानं माझं शेत कुठं हाय. पोरगी मोबाईल धरून म्होरं, मी मागं. चालंल तसं अंतर कमी कमी व्हायला लागलं. बांध वलांडला, आन् मग तो म्हनला, हां, आता काढा फोटो. कुठं उभं केलतं म्हनता?"

"कुठे?"

"भावाच्या कांद्यात."

हा धाकटा भाऊ. दोघांच्या शेतांच्या मधे एक बांध, बांधावर एक बाभूळ, आणि त्या बांधावरून दोघांचं बोलणं बावीस वर्षं तुटलेलं. नांगराची दोन तासं, म्हणजे दोन रेघा, इकडून बांधात घातली की दोन तिकडून, असं करत बाभळीच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढा बांध उरला होता. त्या भावाच्या कांद्यात आजोबा मोबाईल धरलेल्या नातसुनेसह उभे, आणि भाऊ घरातून बाहेर आलेला.

"काय म्हणाले ते?"

"मला कशाला म्हनल? कुत्र्याला म्हनला. बघ रे, कोन आलंय मोजनी करायला."

मी दोघांचे सातबारे, नकाशा मागवून घेतले. मोबाईल खरं बोलत होता. कागदावर ओढ्याकडचं शेत धाकट्याचं होतं आणि रस्त्याकडचं थोरल्याचं. प्रत्यक्षात पंचवीसेक वर्षं थोरले ओढ्याकडे होते, तिथे त्यांनी विहीर खणली, लिंबोणी लावल्या. धाकटे रस्त्याकडे, तिथे त्यांनी घर बांधलं. म्हणजे आयुष्यभर दोन तासांसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोन वीर एकमेकांचं आख्खं शेत खाऊन बसले होते. "तुझी मोजणी आणीन" ही धमकी दोघांनी दर उन्हाळ्यात दिली होती. एकानेही ती खरी केली असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

आता मात्र हसण्यासारखं नव्हतं. सुप्याचे कारखाने वाढत चाललेत, रस्त्याकडच्या जमिनीला गिऱ्हाईक रोज दारात उभं. एका दलालाला ही गोष्ट आधीच कळली होती. तो आजोबांना म्हणाला होता, बाबा, तोंड उघडू नका, कागदावर रस्ता तुमचाय, भावाचं घरसुद्धा तुमच्याच जागेत येतं. आणि उलट बाजूने, उद्या धाकट्याचं काही बरंवाईट झालं तर बाग त्यांच्या पुण्यातल्या मुलांच्या नावे लागणार. ती मुलं बागेत कधी आलेली नव्हती.

"मग तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं. मला वाटलं, म्हातारा आता रस्त्याचा भाव विचारणार. नोकरीत मी माणसं कमी आणि भाव विचारणारे जास्त पाहिलेत.

ते पिशवीतली लिंबं उगाच वरखाली करत राहिले. "हिरीची माती आमच्या मंडळीनं डोक्यावर वाहिली, भाऊसाहेब. ती गेली. बाग हाय. मला माझी बाग पायजे."

मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की मी जोरात बोलते. "कुठल्या गाढवाने हा फेरफार लिहिला ते आधी बघते," मी म्हणाले.

आठवड्याने वाटणीच्या नोंदीची जुनी नक्कल हातात आली. मी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून वाचायला बसले. ह्यांना म्हटलं, "बघा, चूक केलीय, पण अक्षर किती सुंदर आहे. हल्ली असं अक्षर राहिलं नाही." ह्यांनी वाकून पाहिलं, खाली सहीवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. आतून बराच वेळ त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

सही माझी होती.

मग सगळं आठवलं. नोकरीत इतकी गावं झाली की हे गावही काही वर्षं माझ्याकडे होतं, हे मी विसरूनच गेले होते. आमच्या भागात वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला वाटे पाडताना लबाडी करत नाही. पण अर्ज लिहिणारा फक्त बाजाराच्या दिवशी बसायचा, म्हणून त्यांच्या वडिलांनी अर्ज आधीच लिहून घेतला होता. धाकटा ओढ्याकडचाच वाटा उचलणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. वाटणीच्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळी होती. माझ्या डोळ्यांदेखत धाकट्याने रस्त्याकडचा वाटा उचलला, सगळ्यांनी मान डोलावली, मी पोळीवर तूप घेतलं. दुसऱ्या दिवशी सजात, म्हणजे माझ्या कचेरीत, बसून तो जुनाच अर्ज मी मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढला. नोटिशीवर सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. वाचली कुणीच नाही, कारण भाऊसाहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

दोन रात्री मला झोप आली नाही. लपवता आलं असतं. सही कुणाची, हे कोण बघतंय?

उपाय सोपा होता, कागदावर तरी. एकमेकांची जमीन वर्षानुवर्षे कसणाऱ्यांना अदलाबदलीचा दस्त करून देण्याची सोय सरकारने केलेली आहे. आधी गावात पंचनामा, मग दस्त. अट एकच, दोघांनी राजीखुशीने समोर यायचं. हे दोघं एका एसटीतही बसत नव्हते.

धाकट्यांना फोन केला. ते म्हणाले, "घर पाडनार का तो माझं?" त्यांनाही दलाल भेटून गेला होता. "मी पंचनाम्याला येते," मी म्हटलं, "तुम्ही फक्त उभे राहा."

पंचनाम्याला दोघं बाभळीच्या दोन बाजूंना उभे राहिले, तोंडं दोन दिशांना. नवा तलाठी जीन्स घातलेला, लॅपटॉपवाला. तो विचारायचा, उत्तरं मला मिळायची.

"ह्याला सांगा, हीर मी खनली."

"त्यांना म्हनावं, घर मी बांदलं. पत्र्याचं न्हाई, स्लॅबचं."

दोघांत हातभर अंतर. मी मधे उभी राहून एकाचं वाक्य दुसऱ्याला पोचवत होते, तेही मराठीतून मराठीत. शेवटी माझा संयम संपला. तसाही तो फार नसतो. मी म्हणाले, "ऐका. ही चूक तुमच्या दोघांची नाही. माझी आहे. त्या दिवशी मी इथे होते, वाटा उचलताना पाहिलं होतं, तरी उलटं लिहिलं. माफ करा मला."

तलाठ्याने लॅपटॉपवरून मान वर केली. मग थोरले बाभळीकडे बघून म्हणाले, "पुरनपोळ्या खाल्ल्या हुत्या भाऊसायबांनी त्या दिशी. पाच."

"सहा," धाकटे म्हणाले. बाभळीलाच.

इतक्या वर्षांत त्यांचं एवढं एकमत प्रथमच होत होतं, म्हणून मी पोळ्यांच्या आकड्यावर हरकत घेतली नाही. (चार होत्या.) थोरल्यांनी मग घसा खाकरला. "ह्याला सांगा, मला त्याचं घर नको, रस्ता नको. माझी लिंबोनी मला दे म्हनावं." धाकट्यांनी ऐकलं, पण मान हलवली नाही. पंचनाम्यावर सही केली ती मात्र ताबडतोब, भाऊ विचार बदलायच्या आत.

दस्ताच्या दिवशी तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात दोघं वेगवेगळ्या जीपने आले आणि बाकड्याच्या दोन टोकांना बसले. मधे मी आणि फाईल. धाकट्यांचा चेहरा उतरलेला. कानात म्हणाले, "अंगठा उठंपातुर काय खरं न्हाई, भाऊसाहेब. आयत्या वक्ताला तो उठून जाईल." म्हणजे त्यांचा जीव अजून त्या स्लॅबच्या घरात अडकलेला होता. खरं तर माझाही अडकला होता. चुकीला सुधारायची संधी क्वचित मिळते, आणि ही संधी दोन ऐंशी वर्षांच्या हट्टांवर उभी होती.

नाव पुकारलं. थोरले उठले, कॅमेऱ्यासमोर बसले, फोटो निघाला. मग अंगठ्याच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. जन्मभर फावडं धरलेला अंगठा, त्यावर रेघा उरल्याच नव्हत्या. कारकून म्हणाला, "बाबा, जोरात दाबा." दाबला. मग धोतराला पुसून ठेवला. मग दुसरा अंगठा. मागची रांग चुळबुळायला लागली. "राहू द्या आज, पुढच्या आठवड्यात या," कारकून म्हणाला. पुढचा आठवडा म्हणजे दलालाला आणखी सात दिवस.

"दादा."

मी वळले. धाकटे बाकड्यावरून उठून आले होते. बावीस वर्षांनी ते थेट थोरल्यांशी बोलत होते, मधे मी नव्हते, कुत्रं नव्हतं, बाभूळ नव्हती.

"अंगठा केसातनं फिरव, दादा. तेल लागलं की घेतंय ते."

थोरल्यांनी टोपी काढली. तुळतुळीत टक्कल. "केस कुठं हायेत?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकट्यांनी आपली टोपी काढली. दाट पांढरे केस, तेलाने चपचपीत. ते खुर्चीपुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि डोकं भावापुढे धरलं.

थोरल्यांचा हात मधेच थांबला. मग त्यांनी अंगठा त्या केसांतून फिरवला. एकदा पुरलं असतं, पण त्यांनी पुन्हा फिरवला, मग पंजाच फिरवला, हळूहळू, टाळूपासून मानेपर्यंत. धाकटे तसेच वाकलेले. त्यांचे खांदे हलत होते. मी फाईलमध्ये नसलेला कागद शोधू लागले.

"आईगत अजून तेल थापतोस," थोरले म्हणाले.

"अंगठा ठेवा, बाबा," कारकून म्हणाला.

हिरवा दिवा लागला.