आलेलं काम, गेलेलं काम आणि बागवानसाहेब

युसूफसाहेब बागवान यांची आणि माझी पहिली भेट हडपसरच्या कारखान्यात झाली. मी आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण घेऊन नोकरी मागायला गेलो होतो. तेव्हा हडपसरला आमचा ऊस होता. साहेब उत्पादन विभागाचे प्रमुख होते. त्यांनी माझे प्रमाणपत्र पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि विचारले, "उसाला पाणी देताना कधी दारं धरलीत का?"

"हो, साहेब."

"पाटाचं दार बंद केल्यावर पाणी झिरपतं?"

"थोडं झिरपतंच."

"आपण इथं व्हॉल्व्ह बनवतो. आपल्याकडे झिरपून चालत नाही. सोमवारपासून या."

एवढीच मुलाखत. आज साहेब पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी कामगार संघटनेचा चिटणीस होतो. साहेबांशी सर्वांत जास्त भांडलेला माणूस म्हणूनच संपादकांनी मला निवडले असावे.

साहेबांचे घराणे पुण्यातले, फळांच्या व्यापारातले. इंजिनिअर होणारे ते घरातले पहिलेच. मात्र बोलण्यातून मंडई कधी गेली नाही. कामाची घाई करणाऱ्याला ते म्हणत, "अढीतला आंबा सारखा दाबून बघू नका, डाग पडतो." रमजानात स्वतः रोजे ठेवीत. एका वर्षी कँटीनवाल्याने आदराने साहेबांच्या केबिनकडचा चहा बंद केला, तर साहेबांनी त्याला बोलावून घेतले. "अहो, उपास माझा आहे, कारखान्याचा नाही. लोकांना चहा वेळेवर द्या." त्यानंतर चहा कधी चुकला नाही.

पण साहेबांचे मोठेपण मला कळले ते परदेशात. आमच्या कारखान्याला व्हॉल्व्हचे मोठे काम मिळाले होते. जर्मनीतल्या एका लहान गावातला कारखाना बंद करून ती कंपनी सगळे उत्पादन आमच्याकडे पाठवणार होती. काम शिकून घ्यायला साहेब गेले आणि त्यांनी दोघा-तिघा कारागिरांत मलाही नेले. तिथला फोरमन क्राउस नावाचा, साठीकडे झुकलेला गृहस्थ होता. आम्हाला काम शिकवून झाले की त्याचे काम संपणार, हे त्याला ठाऊक होते. सुरुवातीला तो आमच्याकडे पाठ करूनच मशीन चालवी. आमच्यातला एक जण चिडला. त्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "त्यांनी नुसती पाठ केली आहे. त्यांच्या जागी मी असतो तर दार लावून घेतलं असतं."

साहेबांनी क्राउसला एकही प्रश्न विचारला नाही. रोज त्याच्या आधी येऊन त्याच्याशेजारी उभे राहत, संध्याकाळी त्याच्याबरोबर मशीन पुसत. अखेर एका रविवारी क्राउसने आम्हाला जेवायला बोलावले. साहेब काय खात नाहीत याची त्याच्या बायकोने आधीच चौकशी करून ठेवली होती. जेवताना क्राउसने मोडक्या इंग्रजीत विचारले, "तुमच्याकडे किती घरं यावर चालणार?"

"तीनशेच्या वर," साहेब म्हणाले.

क्राउसने हातातला काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "मग नीट शिका. अर्धवट शिकलात तर माझंही गेलं आणि तुमचंही." दुसऱ्या दिवसापासून त्याने आम्हाला सगळे शिकवले. व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झडप जिथे घट्ट टेकते ती जागा, शेवटी हाताने कशी घासायची, बोटाला काय लागले म्हणजे थांबायचे, तेही.

त्या कामावर हडपसरमधली कित्येक घरे उभी राहिली. मुले इंजिनिअर झाली, उसाच्या जागी टॉवर आले. माझेही वारज्याला घर झाले. आणि मग एके दिवशी जर्मन कंपनीचे मालक बदलले. व्हिएतनाममध्ये हेच काम स्वस्तात होते म्हणून त्यांनी ते तिकडे न्यायचे ठरवले. तिकडची माणसे आमच्याकडे शिकायला येणार होती. आमच्या संघटनेने ठराव केला, मशीन चालवायचे, पण कोणी एक शब्द सांगायचा नाही.

गेटसभेत साहेब स्वतः आले. म्हणाले, "क्राउसनं आपल्याला शिकवलं नसतं तर आज तुम्ही कोणत्या गेटवर सभा घेतली असती?"

मी म्हणालो, "आणि क्राउसचं पुढे काय झालं, साहेब?"

साहेब म्हणाले, "त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. मला माहीत आहे. म्हणूनच जगताप, मी तुम्हाला फुकट शिकवा असं म्हणत नाही. मला थोडा वेळ द्या."

मधल्या काळात जर्मन कंपनीने साहेबांना व्हिएतनामच्या कारखान्याचे प्रमुखपद देऊ केले होते. ते त्यांनी नाकारले आणि आमच्या मालकांना घेऊन कंपनीशी बोलणी केली. आम्ही काहीही हातचे न राखता शिकवू, पण काम एकदम हलवायचे नाही, टप्प्याटप्प्याने न्यायचे. आणि मशीन इथेच राहतील. आमच्या लोकांच्या हातातली कला कंपनीला कागदावर मिळणार नव्हती, त्यामुळे तिला हे मान्य करावे लागले. व्हिएतनामची मंडळी आली. आम्ही शिकवले. साहेबांनी त्यांना स्वतःच्या घरी जेवायलाही नेले. काम पूर्ण जाईपर्यंत मिळालेल्या सवडीत त्याच मशीनवर आम्ही दूध डेअऱ्यांसाठी आमच्या स्वतःच्या नावाचे व्हॉल्व्ह बनवायला लागलो.

कारखाना वाचला. सगळे वाचले नाहीत. जवळजवळ एक तृतीयांश लोकांना जावे लागले. साहेब त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी गेले, अनेकांना बरोबर घेऊन दुसऱ्या कारखान्यांची दारे वाजवली. फुरसुंगीच्या दत्तोबांकडे मी त्यांच्यासोबत होतो. पन्नाशीच्या दत्तोबांना कुठेच घेतले नव्हते. ते उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "तुमी मानूस चांगलं हाय, साहेब. पन माजं काम गेलं ते गेलंच. आत या म्हनायला आज जीभ वळत न्हाय."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि आम्ही परतलो. हा प्रसंग गौरवलेखात घ्यावा का, असे मी साहेबांना परवा विचारले. "तोच घ्या," ते म्हणाले. "बाकीचं नाही घेतलं तरी चालेल."

माझे आजही मत आहे की आमचा ठराव चुकीचा नव्हता. ठराव नसता तर साहेबांच्या बोलण्याला कंपनीने किंमत दिली नसती. साहेबही हे नाकारत नाहीत. एका महाविद्यालयातल्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, "सर, या ग्लोबल ट्रेडमध्ये शेवटी जिंकणार कोण? चीन, आपण की व्हिएतनाम?" साहेब म्हणाले, "ते तुमच्या प्राध्यापकांना विचारा. मला इतकंच कळलंय, की जे काम आपल्याकडे येतं ते आधी कुणाच्या तरी हातातून गेलेलं असतं. येताना हे लक्षात ठेवलं, तर जाताना आपण आंधळे राहत नाही."

आता वारे पुन्हा फिरले आहे. एका देशाने आयातकर वाढवला की दुसऱ्या देशातली गिऱ्हाईके पुण्याचा पत्ता शोधत येतात. मध्यंतरी असेच एक मोठे परदेशी काम आले. मालकांचे चिरंजीव आता कारभार पाहतात. ते हुरळून साहेबांच्या घरी सल्ला विचारायला गेले. साहेब म्हणाले, "घ्या की, जरूर घ्या. पण निम्मा कारखाना एकाच गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. आणि डेअरीवाल्यांचा फोन आधी उचला." चिरंजीवांनी तसेच केले. नव्या भरतीत पहिल्यांदा मुलींनाही मशीनवर घेतले, तेही साहेबांच्या आग्रहामुळे. दर मंगळवारी साहेब अजून कारखान्यात येतात आणि या मुलींच्या शेजारी उभे राहून बैठक कशी घासायची ते दाखवतात.

साहेब, शतायुषी व्हा असे सगळेच म्हणतील, मीही म्हणतो. आपली नजर आणि बोटे अशीच शाबूत राहोत, घरच्यांचा सहवास भरभरून लाभो. आपल्याशी भांडायला माणूस लागेलच, तो मी अजून ठणठणीत आहे. गुडघ्यांना मात्र जपा. कारखान्याचा जिना आपल्यासाठी दुरुस्त करून घेतला आहे, आणि येत्या मंगळवारी मुली वाट पाहत आहेत.